लाउपहाइम: युनिव्हर्सलवाल्या कार्ल लेम्लीचं गाव

जर्मनीत श्टुटगार्टात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना वीकेंडला कुठे जाऊ विचारलं की उत्तरं ठरलेली, ब्लॅक फॉरेस्ट, लेक कॉन्स्टन्स, फारच झालं तर उल्मचं ते उंच चर्च. मी उल्मला उतरून पुढची लोकल पकडली आणि अर्ध्या तासाच्या आत लाउपहाइमला पोचलो. डब्यात दप्तरवाली पोरं आणि दोन आज्या, पर्यटक म्हणावा असा मी एकटाच. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पृथ्वीचा गोळा फिरतो ना, त्या युनिव्हर्सल कंपनीचा संस्थापक कार्ल लेम्ली या गावचा.

गाव तसं साधंच आहे हो. स्वच्छ रस्ते, बेकरीत लोणी लावलेलं ब्रेझेल, दुपारी सगळं चिडीचूप. हा श्वाबेन भाग म्हणजे जर्मनीतले काटकसरीसाठी प्रसिद्ध लोक, पैसा मोजून खर्च करणार, पुण्याच्या माणसाला अजिबात परकं वाटत नाही. वरच्या अंगाला ग्रोसलाउपहाइमचा जुना वाडा आहे आणि त्यातच ख्रिश्चन आणि ज्यू यांच्या एकत्र इतिहासाचं म्युझियम आहे. 1869 साली या एवढ्याशा गावात 843 ज्यू राहत होते, अख्ख्या व्युर्टेमबर्ग राज्यातली सगळ्यात मोठी ज्यू वस्ती. गुरांचा व्यापार, कापड, बिअरला लागणारे हॉप्स, असले धंदे. लेम्लीचा बाप युलियस गुरांचाच व्यापारी. राडश्ट्रास नावाच्या गल्लीत त्यांचं घर होतं, तिथे 17 जानेवारी 1867 ला कार्लचा जन्म झाला. भावंडं डझनभर झाली पण त्यातली बरीच लहानपणीच गेली. त्या गल्लीत उभं राहिलं की हॉलिवूड वगैरे काही डोक्यात येत नाही, समोर कोणीतरी सायकल लावतंय, खिडकीत कुंड्या, बस.

आता खरं सांगायचं ते हे. लेम्लीची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात की गरीब पोरगा खिशात 50 डॉलर घेऊन अमेरिकेला गेला आणि त्याने स्टुडिओ काढला. मधली बावीस वर्षं गायब! आणि मला तर तीच वर्षं जास्त इंटरेस्टिंग वाटतात.

तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि त्याला इशेनहाउझेनला नातेवाइकांच्या स्टेशनरीच्या दुकानात शिकाऊ म्हणून लावून दिलं. आधी वरकाम, मग हिशेबाच्या वह्या. अमेरिकेला जायचं वेड डोक्यात होतं, पण आई रिबेका असेपर्यंत तो विषय पुढे सरकत नव्हता म्हणतात. 1883 च्या शरदात आई गेली, सतराव्या वाढदिवसाला बापाने बोटीचं तिकीट हातात दिलं, आणि नेकार नावाच्या बोटीने हा 14 फेब्रुवारी 1884 ला न्यूयॉर्कला उतरला. इंग्रजी येत नव्हतं. औषधाच्या दुकानात हरकाम्या, मग शिकागोला थोरल्या भावाकडे, मधेच डकोटात शेतावर मजुरी, परत शिकागो, परत कारकुनी. दहा वर्षं हेच. 1894 ला विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावात तयार कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली, तिथे पुढे मॅनेजर झाला, मालकाच्या भाचीशी, रेखा श्टर्नशी लग्न केलं. (हो, रेखाच! मीही पाटीवर दोनदा वाचलं.)

या ऑशकॉशमध्येच त्याचा हात बसला असं माझं मत. दुकानाची खिडकी कशी सजवायची, सेलची जाहिरात कशी करायची, गिऱ्हाईक परत कसं आणायचं, हे सगळं तो तिथे करत होता आणि जाहिरातींसाठी शिकागोच्या रॉबर्ट कॉक्रन नावाच्या माणसाशी पत्रव्यवहार चालायचा. मालकाशी बिनसलं तेव्हा स्वतःचा धंदा कर असं याच कॉक्रनने सुचवलं, आणि पुढे तोच भागीदार झाला. वय एकोणचाळीस, आपल्याकडे या वयात लोक गृहकर्जाचे हप्ते मोजत बसतात. लेम्ली शिकागोत स्वस्त सामानाचं दुकान टाकायला निघाला होता, पण पाच सेंटवाल्या सिनेमाघरासमोर गर्दी दिसली आणि हा पठ्ठ्या बाहेर उभा राहून आत जाणारी डोकी मोजत बसला. गल्ला किती, भाडं किती, सगळा हिशेब. 24 फेब्रुवारी 1906 ला मिलवॉकी अव्हेन्यूवर त्याचं थिएटर उघडलं, समोरची बाजू पांढरी रंगवलेली, बायकामुलांना घेऊन यायला लोकांना संकोच वाटू नये म्हणून. ही दुकानदाराची अक्कल आहे, कलावंताची नाही. मग फिल्म भाड्याने द्यायचा धंदा, सिनेमाच्या पेटंटांवर बसलेल्या एडिसनच्या मक्तेदारीशी कोर्टकचेऱ्या, 1909 ला स्वतःची निर्मिती आणि 1912 ला युनिव्हर्सल, हे पुढचं सगळीकडे लिहिलेलं आहे.

दुपारनंतर ज्यू कब्रस्तानात गेलो. दगडांवर हिब्रू आणि जर्मन, आडनावं तीच तीच, श्टाइनर, आइनश्टाइन, लेम्ली. 1938 च्या नोव्हेंबरात नाझींनी इथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं. लेम्लीने पहिल्या महायुद्धानंतर गावाला भरपूर मदत पाठवली होती, 1919 ला गावाने मानद नागरिक केलं, रस्त्याला नाव दिलं, आणि नाझी आल्यावर तेच नाव उतरवलं. पुढे त्याच्याकडे स्टुडिओही राहिला नाही, 1936 ला विकावा लागला. तरी म्हातारा अमेरिकेला निसटू पाहणाऱ्या ज्यू गावकऱ्यांसाठी हमीपत्रं भरत बसला, म्हणजे हा माणूस अमेरिकन सरकारवर बोजा होणार नाही अशी स्वतःच्या जिवावर हमी, त्याशिवाय व्हिसा नाही. अशी तीनशेच्या वर माणसं त्याने बाहेर काढली. श्टुटगार्टची अमेरिकन कचेरी, सत्तरी ओलांडलेल्या माणसाची हमी किती दिवस टिकणार, म्हणून खळखळ करायला लागली तेव्हा त्याने थेट परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्रं लिहिली. स्टुडिओत नातेवाईक भरतो म्हणून हॉलिवूड त्याला हसायचं, पण भावकी सांभाळायची सवय होती म्हणूनच हे झालं ना!

आता गावातल्या हायस्कूलला त्याचं नाव आहे.

जाणार असाल तर उल्म धरून एक दिवस पुरतो, म्युझियमच्या वेळा आधी बघून घ्या. आणि इशेनहाउझेन ग्युन्झबुर्गच्या जवळच आहे, जिथे आपण सगळे मुलांना घेऊन लेगोलँडला जातो. तिथलं जुनं सिनेगॉग दुरुस्त करून उभं आहे. पुढच्या लेगोलँड वारीत पोरांना आईसोबत आत सोडून मी तिकडे सटकणार आहे, घरी अजून सांगितलेलं नाही.