नागपूर जिल्ह्याच्या १२ जागा: २०२९ च्या तक्त्यात काय बदललं

मंडळी, २०२९ च्या विधानसभेला जिल्ह्यातली कोणती जागा फिरू शकते, याच्या तक्त्याची नवी आवृत्ती तयार आहे. या खेपेला मताधिक्याचा रकाना खाली सरकवला आणि सगळ्यात वर 'जागा माणसाची की पक्षाची' हा रकाना आणला. त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे.

२०१९ ला दक्षिण आणि मध्य नागपूर भाजपने जेमतेम चार-चार हजारांनी राखलं होतं. नुसतं मताधिक्य पाहिलं तर २०२४ ला याच दोन जागा आधी पडायला हव्या होत्या. दक्षिणेत मोहन मते परत आले. मध्यमध्ये विकास कुंभारेंऐवजी प्रवीण दटकेंना तिकीट मिळालं, कुंभारेंचा हलबा समाज नाराज झाला, तरी जागा भाजपकडेच राहिली. भाजपकडे फिरल्या त्या राष्ट्रवादीचं काटोल आणि काँग्रेसचं सावनेर, जिथे २०१९ चं अंतर पंधरा हजारांच्या वर होतं!

काटोलला अनिल देशमुखांच्या जागी त्यांचा मुलगा सलील देशमुख उभे होते. सावनेरचे सुनील केदार जिल्हा बँक प्रकरणातल्या शिक्षेमुळे डिसेंबर २०२३ मध्ये अपात्र ठरले, म्हणून त्यांच्या पत्नी अनुजा केदार लढल्या. २०१४ च्या लाटेत भाजपने १२ पैकी ११ जागा घेतल्या, तेव्हा एकटं सावनेर केदारांनी धरून ठेवलं होतं. अशी जागा घरातल्या घरातसुद्धा सहज हस्तांतरित होत नाही. उमरेडचं उलट आहे. राजू पारवे काँग्रेस सोडून शिंदेसेनेकडून लोकसभेला गेले, हरले. विधानसभेला संजय मेश्राम यांनी उमरेड काँग्रेसकडेच ठेवलं. ती पक्षाची जागा.

रामटेकला आशिष जयस्वाल २०१९ ला अपक्ष, २०२४ ला शिंदेसेनेचे. कागदावर बदल, आमदार तोच. अशा जागेला मी वेगळा रंग दिलाय, बेरजेत धरत नाही.

लोकसभेतल्या मताधिक्याचं वजनही कमी केलं. जून २०२४ मध्ये रामटेक लोकसभेत काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे ७६ हजारांवर मतांनी जिंकले. नोव्हेंबरात त्यातल्या सहा विधानसभांपैकी काँग्रेसला फक्त उमरेड मिळालं. मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली, शिवाय उमेदवार बदलले. यातलं नेमकं किती कशामुळे, हे वेगळं काढणं मला अजून जमलेलं नाही.

सध्या फिरू शकणाऱ्या जागांच्या यादीत सगळ्यात वर पश्चिम नागपूर आहे. काँग्रेसचे विकास ठाकरे २०२४ ला सहा हजारांच्या आत निघाले, आणि २०१४ ला ही जागा भाजपकडे होती. ठाकरे स्वतः उभे राहिले तर पिवळा (थोडा धोका), नाही तर लाल (जास्त धोका). त्याखाली मध्य.

खरी डोकेदुखी पुनर्रचनेची. आजचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर बेतलेले आहेत. २०२९ च्या आधी नवा नकाशा आला तर जुने आकडे बूथ-बूथ उचलून पुन्हा जुळवावे लागतील. म्हणून नमुना २० (बूथनिहाय मतांचा अधिकृत तक्ता) आत्ताच शाळेच्या नावानं लावतोय, बूथ क्रमांकानं नाही. बूथमागे १,२०० मतदारांची मर्यादा आल्यामुळे क्रमांक पुन्हा बदलणारच. पश्चिम झालं, मध्य अर्ध्यावर आहे. काटोल किंवा हिंगण्याचे २००९ चे बूथनिहाय आकडे कोणाकडे असतील तर जरूर सांगा, त्या दोन जागांचा रकाना अजून रिकामाच आहे.