काकूंचा पासवर्ड बरोबर होता

सकाळी शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतून फोन आला. "मेल पासवर्डच घेईना झालाय, आणि चारच्या आत कोटेशन जायाला पायजे."

पोचलो तर ऑफिस सांभाळणाऱ्या काकू थंडरबर्डच्या (कॉम्प्युटरवर मेल उतरवून घ्यायचा प्रोग्राम) पासवर्ड मागणाऱ्या चौकटीसमोर बसलेल्या. शेजारी वही, त्यात ठळक अक्षरांत पासवर्ड. "तीन दिस झालं, सगळी म्हणत्यात माझंच टाइप चुकतंय. एकेक अक्षर बघून टाकलंय ओ." आवाज रडवेला झाला होता.

तोच पासवर्ड मी ब्राउझरमध्ये टाकला. पहिल्या फटक्यात खातं उघडलं. काकू बरोबर होत्या, एवढं तिथंच कळलं.

मग विचारलं, हा बदलला कुणी? मालकांच्या मुलानं, गेल्या आठवड्यात, फोनवरून. गाठ सापडली. हे मेल मी पूर्वी सोळा अक्षरांच्या अ‍ॅप पासवर्डवर (अशा बाहेरच्या प्रोग्रामसाठी गूगल देतं तो वेगळा पासवर्ड) जोडून दिलं होतं, आणि गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की असे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. थंडरबर्ड साठवलेला जुनाच पुढं करत होता. काकू नवा टाकत होत्या, पण तोही या वाटेनं चालणार नव्हता. बाहेरच्या प्रोग्राममधून नुसत्या नाव-पासवर्डावरचं लॉगिन गूगलनं खासगी खात्यांना ३० मे २०२२ पासून बंद केलंय. स्क्रीनवर मात्र यातलं काही दिसत नाही. तिथं एवढंच, की लॉगिन झालं नाही. मग समोर बसलेलं माणूसच चुकलं असं सगळे धरून चालतात. याचा मला फार राग येतो.

साठवलेले पासवर्ड काढून टाकले, सेटिंगमध्ये 'नॉर्मल पासवर्ड' बदलून 'ओऑथ२' केलं, म्हणजे पासवर्ड थंडरबर्डला न देता थेट गूगलच्या खिडकीत टाकायचा. लॉगिनची खिडकी उघडली, पण काही केल्या पुढं सरकेना. अर्धा तास त्यात गेला. शेवटी बघितलं तर थंडरबर्डमधल्या कुकीज (वेबसाइट आपल्याकडं ठेवते त्या छोट्या नोंदी) बंद! त्या चालू नसतील तर हे लॉगिन पुरंच होत नाही. त्या चालू केल्या, शिरोली एमआयडीसीत असलेल्या मुलाला फोन लावला, त्यानं मोबाइलवर आलेल्या गूगलच्या प्रश्नाला 'होय' दाबलं आणि तीन दिवसांची मेलं धडाधड उतरली.

कोटेशन मात्र जाईना. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलची सेटिंग वेगवेगळी असते. जाणाऱ्याचं मी अजून बदललंच नव्हतं. तिथंही ओऑथ२ केलं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी कोटेशन गेलं.

निघताना मालकांना मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं, "काकूंचं एक अक्षरसुद्धा चुकलं नव्हतं." काकूंनी वहीत पासवर्डच्या खाली लिहिलं, 'बदलायच्या आधी ऑफिसात सांगणे', आणि मुलाला फोन लावून ते वाचून दाखवलं.