आल्प्समधल्या दरीत बाबांबरोबर सायकलवर: रेशेन ते ट्रेंटो

बाबांची सायकल सुटली ती सांगलीच्या रहदारीमुळे. पाटबंधारे खात्यात होते तोवर माणगंगेच्या काठचे तलाव, बंधारे, पाट त्यांनी सायकलवरूनच पाहिले. निवृत्तीनंतर मात्र मागून वाजणाऱ्या डंपरच्या हॉर्नला ते कंटाळले आणि सायकल जिन्याखाली गेली. आई-बाबा माझ्याकडे म्युनिकला यायचे ठरले, तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं की यांना एकदा अशा वाटेवर न्यायचं, जिथे मागे वळून बघावंच लागणार नाही.

आल्प्स आणि सायकल म्हटलं की आपल्याकडे घाट चढणारे शर्यतवाले आठवतात. पण आल्प्सच्या मोठ्या दऱ्यांच्या तळातून नदीकाठाने जाणाऱ्या सायकलवाटा हे वेगळंच जग आहे. माझ्या अटी तीन होत्या: मोटारी नकोत, बहुतेक उतार हवा आणि शेजारून रेल्वे हवी. तिसरी अट आईसाठी. तिचे गुडघे दुखतात, पण आम्ही सायकलवर आणि ती खोलीत बसलेली, हे मला चालणार नव्हतं.

तिन्ही अटी जिथे जुळल्या ती इटलीच्या उत्तरेची, बहुतांश जर्मन बोलणाऱ्या दक्षिण टिरोल प्रांतातली फिन्शगाऊची दरी. आडिजे नदी रेशेन खिंडीजवळ उगम पावते आणि मेरानोपर्यंत या दरीतून वाहते. खिंड सुमारे १५०० मीटरवर, मेरानो सव्वातीनशेवर, मध्ये सुमारे ८० किलोमीटरची सायकलवाट. पुढे बोल्झानो आणि ट्रेंटोपर्यंत नदीकाठ जवळजवळ सपाट. दरीतली माल्स ते मेरानो ही ६० किलोमीटरची रेल्वे १९०६ साली सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली आणि २००५ साली पुन्हा धावू लागली. सायकलवाटेचं अर्धं यश या रेल्वेचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पाय दुखले, पाऊस आला, पोर रडलं, तर पुढच्या स्टेशनावर गाडीत बसता येतं. तो भरवसा असला की बिचकणारा माणूसही निघतो.

तयारी फार अवघड नव्हती, पण क्रम महत्त्वाचा. आधी मुक्काम ठरवले, कारण इथल्या बऱ्याच मुक्कामांवर पाहुण्यांचा पास मिळतो आणि त्यावर दक्षिण टिरोलमधल्या स्थानिक रेल्वे नि बस फुकट. आईचा सगळा प्रवास त्यावर झाला. मग सायकली. स्टेशनांजवळ भाड्याने मिळतात, आणि एका गावात घेऊन दुसऱ्या गावात देता येतात. आपली सायकल रेल्वेत चढवायची असेल तर हंगामात जागेची खात्री नसते, म्हणून भाड्याची बरी. शेवटी पासपोर्ट. जर्मनीहून इटलीत जाताना वेगळा व्हिसा लागत नाही, तरी ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंडीमार्गे इटलीत उतरणाऱ्या रेल्वेत तो जवळ ठेवा, तपासणी होते.

सायकल हातात घेतल्यावर एक गोष्ट आधी शिकून घ्यावी लागते. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, इकडे डाव्या. शिवाय डिस्क ब्रेक, बोट लावलं की चाक धरतो. उतारावर सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जाईल. माल्सच्या स्टेशनासमोरच्या मोकळ्या जागेत मी बाबांना बराच वेळ नुसतं थांबायला लावलं: चालवा, थांबा, चालवा, थांबा. रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं तेही तिथेच घोटून घेतलं. बाबा वैतागले, पण हे केल्याशिवाय मी त्यांना उतारावर सोडणार नव्हते. बॅटरीची सायकल घ्या म्हटलं, तर "पायात जोर आहे अजून" म्हणाले. रेशेनहून खाली येताना तिची गरजही पडत नाही. उलट दिशेने जाणाऱ्याने मात्र जरूर घ्यावी.

माल्सहून सायकलींसकट वर नेणारी गाडी ठरवली होती. वर पोचलो आणि बाबा बोलायचेच थांबले. रेशेनच्या जलाशयात एका चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. चौदाव्या शतकातला. १९५० साली वीजनिर्मितीसाठी इथे पाणी अडवलं आणि ग्राउन हे गाव अख्खं, रेशेनचा काही भाग, दीडशेहून जास्त घरं पाण्याखाली गेली. लोक फोटो काढत होते. बाबांनी विचारलं, "इथल्या लोकांना जमिनी कुठं दिल्या?" नोकरीत त्यांनी धरणग्रस्तांचे अर्ज हाताळले होते. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघायला ते आम्हाला लहानपणी घेऊन गेले होते. इथल्या बऱ्याच कुटुंबांना मोबदला तुटपुंजा मिळाला आणि अनेकांना दरी सोडावी लागली, हे मी वाचलेलं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काठावर बराच वेळ उभे राहिले. मोटारीतून येणारे पाच मिनिटांत जातात. सायकल टेकवून ठेवली की थांबायला हरकत नसते.

मनोरा पूर्वेच्या काठावर, मोठ्या रस्त्याला लागून आहे. तो बघून आम्ही थोडं मागे रेशेन गावात आलो आणि पश्चिमेचा काठ धरला, कारण मोटारी तिकडे नाहीत. दक्षिणेला ऊन असेल तर समोर ३९०५ मीटरचा ऑर्टलर बर्फासह दिसतो. जलाशयाच्या खाली एक धाकटं तळं आहे, त्यानंतर बुर्गाइस गावापर्यंत उतार खरोखर तीव्र आहे. तिथे मी पुढे आणि बाबा मागे, दोन्ही ब्रेक आलटून पालटून, प्रत्येक वळणाआधी वेग मोडत. डोंगराच्या कुशीत मारिएनबर्गचा पांढरा मठ दिसतो, पण तो बघायचा तर सायकल थांबवूनच. बुर्गाइसच्या चौकात कारंज्याचं पाणी पिऊन बाबा म्हणाले, "आता जमतंय बरं का." गावोगावच्या अशा कारंज्यांमुळे पाण्याची बाटली विकत घ्यावी लागत नाही.

"मोटारी नाहीत" याचा नेमका अर्थ सांगते, कारण निघण्याआधी मलाही तो हवा होता. वाट कधी नदीच्या बांधावरून जाते, कधी बागांमधल्या शेतरस्त्याने, कधी गावाच्या गल्लीतून. बांधावर फक्त सायकली आणि चालणारे. शेतरस्त्यावर ट्रॅक्टर येतात, आणि सफरचंदाच्या तोडणीत, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, भरपूर येतात. रस्ता त्यांचा आहे, आपण कडेला व्हायचं. ट्रॅक्टरवाले हात करून जातात. मोठा रस्ता ओलांडायचा तिथे बहुतेक ठिकाणी भुयारी मार्ग केलेत. फाट्याफाट्यावर जर्मन आणि इटालियन अशा दोन भाषांतली पाटी, पुढच्या गावाचं अंतर लिहिलेली. फोन खिशातच राहिला. प्राडपाशी स्टेल्व्हिओच्या घाटाचा फाटा लागतो. २७५७ मीटरच्या त्या खिंडीकडे निघालेल्या मोटरसायकलींचा आवाज क्षणभर कानावर आला आणि आमची वाट नदीकडे वळली.

ग्लुर्न्सची तटबंदी चारही बाजूंनी शाबूत आहे, आत गाव एवढंसं. लासला रस्त्याकडेचे दगडही पांढऱ्या संगमरवराचे, खाणी वर डोंगरात. पण बाबांचं लक्ष पाण्याकडे. चहूकडे बर्फाचे डोंगर असूनही या दरीत वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, कारण दोन्हीकडच्या रांगा ढग अडवतात. म्हणजे आटपाडीकडे पडतो तेवढाच. दक्षिणेकडे तोंड केलेला डोंगर उघडाबोडका, समोरचा गर्द झाडीचा. आणि तळाला मैलोन्‌मैल सफरचंद! युरोपियन संघातल्या दर दहा सफरचंदांतलं साधारण एक दक्षिण टिरोलचं असतं. "पाणी आणतात कुठनं?" हा प्रश्न येणारच होता.

उत्तर बघायला लाच गावाच्या पुढे सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि एका जुन्या पाटाच्या कडेने चालत गेलो. वरच्या ओढ्यांमधून, हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यातून काढलेले हे पाट मध्ययुगापासूनचे आहेत. प्रत्येकाला राखणदार असे आणि शेतकऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या असत. पाटात एक छोटं पाणचक्र असतं, ते फिरलं की हातोडी घंटेवर पडते. घंटा वाजतेय तोवर पाणी वाहतंय. थांबली की राखणदाराने समजायचं, कुठेतरी पाट तुंबला, आणि रात्र असो की पाऊस, निघायचं. बाबा हे ऐकून इतके खूष झाले! "आमचा पाटकरी रात्रभर कंदील घेऊन फिरायचा. ही घंटा असती तर झोपला असता बिचारा." आता बागांना बरंचसं पाणी तुषार आणि ठिबकने मिळतं, तरी काही पाट अजून वाहते आहेत. तिथून त्यांना परत सायकलवर बसवायलाच वेळ लागला.

आई स्टेशनावर भेटायची. तिने दुपारी श्लांडर्सला, संध्याकाळी नाटुर्न्सला आमच्याआधी पोचून बाकावर जागा धरलेली असे, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दरीची तिला आमच्याइतकीच माहिती झाली होती, फक्त खिडकीतून.

मेरानोच्या आधी ट्योलपाशी दरी एकदम खाली उतरते. तिथे नागमोडी वळणांचा उतार आहे, वाट चांगली बांधलेली, पण समोरून चढणारे असतात आणि वळणं आवळ. लहान मुलं बरोबर असतील तर तेवढा भाग हातात सायकल धरून चालावं. खाली आलं की हवाच बदलते, बागेत चक्क ताडामाडाच्या जातीची झाडं दिसतात.

मेरानो ते बोल्झानो ३० किलोमीटर. वाट सपाट आहे, पण अवघड वाटली ती हीच. उन्हाने डोंगर तापले की दुपारनंतर वारा दरीतून वर वाहू लागतो, म्हणजे थेट तोंडावर. बोल्झानोच्या दक्षिणेला तर गार्डा सरोवराकडून येणारा ओरा नावाचा वारा रोजचाच. सकाळी लवकर निघा आणि दुपारच्या आत पोचा, हा माझा आग्रहाचा सल्ला. बाबा वाऱ्यात माझ्या चाकामागे आडोसा धरून आले, बोलले काही नाहीत. बोल्झानोला त्या दिवशी पुढे जायचं नाव काढलं नाही.

तिथून ट्रेंटो ६० ते ६५ किलोमीटर, बांधावरून. सफरचंदं हळूहळू मागे पडतात, द्राक्षं वाढतात. सालोर्नोपाशी दोन्हीकडचे कडे जवळ येतात आणि त्यापलीकडे जर्मन संपून इटालियन सुरू होते. पलीकडच्या ट्रेंटिनो प्रांताच्या हद्दीत वाटेवरच सायकलवाल्यांसाठी खाण्याची ठिकाणं आहेत, तिथे पंपही असतो आणि कॉफीही. ब्रेनरची मुख्य रेल्वे याही पट्ट्यात शेजारूनच जाते, म्हणून आई आमच्याआधी ट्रेंटोला.

परतताना गाडीत आईनेच विषय काढला की पुढच्या खेपेला ती बॅटरीच्या सायकलवर बसून बघणार. तिच्यासाठी मी टोब्लाख ते लिएन्झ ठरवलंय. द्रावा नदीच्या उगमापासून ऑस्ट्रियात उतरणारी ही वाट जेमतेम ४५ किलोमीटर, बहुतेक उतार, आणि लिएन्झहून रेल्वेने परत. उन्हाळ्यात इटालियन कुटुंबं आजी-नातवंडांसह तिथे गर्दी करतात, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर बघतेय. ब्रेकचा सराव आईकडून बाबा करून घेणार आहेत.