परदेशी डीओसी धुळ्यापर्यंत आणताना

2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयाबीनची पेंड, किलोला शंभर रुपयांच्या घरात गेली आणि लेअरवाल्यांचं, म्हणजे अंड्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांचं, कंबरडं मोडलं. धुळ्यात आमची कोंबडीखाद्याची लहानशी फीड मिल आहे. माल बहुतेक साक्री-नवापूरकडच्या पोल्ट्र्यांना जातो. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. लाख पक्षी धरले तर रोज 11 टन खाद्य, त्यात दोन टनांच्या आसपास डीओसी. भाव चढला म्हणून कोंबडीचं खाणं थांबवता येत नाही.

24 ऑगस्टला केंद्राने जीएम, म्हणजे जनुकात बदल केलेल्या, सोयाबीनची तेल काढलेली पेंड आणायला परवानगी दिली. 12 लाख टनांपर्यंत, न्हावाशेवा बंदर आणि बांगलादेश सीमेवरचं पेट्रापोल या दोनच वाटांनी, आणि तेही 31 ऑक्टोबरपर्यंत. नंतर मुदत वाढली, बंदरंही वाढली. पेंडीत उगवेल असं जिवंत काही नसतं, म्हणून पर्यावरण खात्याने हरकत घेतली नाही. जीएम म्हटल्यावर काही गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. मला गंमत वाटली. बीटी कपाशीही जीएमच. 2002 ला तिला मंजुरी मिळाली, आज अख्खा खान्देश तीच लावतो आणि तिच्याच सरकीची ढेप आमच्या म्हशी खातात.

जहाजभर माल मागवायची आमची ऐपत नव्हती. मुंबईच्या एका आयातदाराकडून चार मिलवाल्यांनी मिळून कंटेनर घेतले, तेही हाय सी सेलने. म्हणजे माल समुद्रात असतानाच विक्रीचा करार होतो आणि कस्टमची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, आपल्या नावाने भरली जाते. त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर लागतो, तो आमच्यातल्या एकाकडे होता. भाव डॉलरमध्ये ठरला. त्यावर 15 टक्के ड्यूटी, ड्यूटीवर अधिभार, बंदराचा खर्च, क्लिअरिंग एजंट, कसारा घाट चढून धुळ्यापर्यंतचं ट्रकभाडं. ही बेरीज केल्यावर कोटेशनमधला स्वस्त माल मिलच्या दारात तेवढा स्वस्त उरला नाही. ड्यूटीसाठी डॉलरचा दरही कस्टम ठरवेल तो धरतात, बँकेचा नाही.

करारात आम्ही भावापेक्षा मालाच्या कलमांवर जास्त भांडलो. प्रोटीन किमान किती, ओलावा 12 टक्क्यांच्या आत, रेती-सिलिका किती चालेल, नमुना कुठे काढायचा आणि कोणत्या लॅबचा रिपोर्ट अखेरचा. प्रोटीन एक टक्का कमी भरलं तर किती पैसे कापायचे, हेही लिहून घेतलं. विकणारा म्हणाला, एवढ्याशा मालासाठी एवढे कागद? पण सही केली.

बंदरावर मात्र घाम फुटला. झाडापासून आलेला माल म्हणून प्लांट क्वारंटाइनची कीड-रोगाची तपासणी, मूळ देशाचं कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, शिवाय जीएमबाबतचे कागद. एका कागदावरच्या पोत्यांच्या संख्येचा बिल ऑफ लेडिंगशी, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीशी, मेळ बसेना. तो निस्तरेपर्यंत यार्डाचं भाडं वेगळं, शिपिंग लाइनचं कंटेनर अडकवल्याचं भाडं वेगळं, दोन्ही मीटर चालूच. इकडे नवापूरहून रोज फोन, "काय भो, माल निघाला का?" त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्ड फ्लूने त्या भागातल्या शेड रिकाम्या झाल्या होत्या. कर्ज काढून पुन्हा पक्षी भरलेल्या माणसाला कस्टमच्या गोष्टी सांगून काय उपयोग?

एका कंटेनरच्या छतातून पाणी झिरपलं होतं. दारालगतच्या पोत्यांत डीओसीचे दगडासारखे गोळे झालेले, आंबूस वास. विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत आम्ही एकही पोतं हलू दिलं नाही, फोटो काढून ठेवले. पैसे मिळाले, पण सावकाश.

चांगल्या मालाची परीक्षा मिलमध्येच केली. युरिया आणि फिनॉल रेडचं पिवळसर द्रावण बशीतल्या पेंडीवर ओतायचं आणि थांबायचं. इथे-तिथे लाल ठिपके उमटले तर भाजणी बरोबर. सगळी बशी लाल झाली तर पेंड कच्ची, कोंबडीला पचणार नाही. अर्ध्या तासानंतरही एक ठिपका नाही तर जास्त भाजली गेली, म्हणजे लायसिन हा प्रोटीनमधला गरजेचा घटक जळाला. आमच्या बशीत ठिपके आले. लॅबच्या रिपोर्टाला वेळ लागला, पण ट्रक रिकामा करायचा निर्णय त्या बशीवरच झाला.

गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आम्ही परदेशी घेतली नव्हती. माल पोचेपर्यंत नवं सोयाबीन बाजारात येणार आणि भाव पडणार, हे दिसत होतं. तसंच झालं. ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलेलं सोयाबीन ऑक्टोबरमध्ये पाच हजारांच्या आसपास आलं. जामनेरकडचा मामेभाऊ दिवाळीला माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं म्हणणं, आयातीने आमचा भाव पाडला. हंगामाच्या तोंडावर परवानगी द्यायची सरकारची वेळ चुकीची होती, हे मलाही पटतं. पण ऑगस्टमध्ये माझी मिल बंद पडायला आली होती, हे त्याला पटत नाही.

भावाचा धोका वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून, बांधायचा म्हटलं, तर 20 डिसेंबर 2021 ला बाजार नियामक सेबीने सोयाबीनचा वायदाच बंद केला. मग उरतो तो खाद्याच्या मिश्रणाचा फॉर्म्युला. मोहरीची पेंड, सूर्यफुलाची पेंड, मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला सुका चोथा), सगळ्यांचं प्रमाण आधीच ठरवून ठेवलं. डीडीजीएस बुरशीच्या विषाची तपासणी केल्याशिवाय आत घेत नाही. सरकीची पेंड मात्र लेअरला देतच नाही. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे, साठवून ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि व्यापारी क्रेट परत पाठवतो. खान्देशात सरकी एवढी स्वस्त आणि हाताशी असून ती गोठ्यातच जाते, याचं अजून वाईट वाटतं.

आता कुणी परदेशी मालाचं कोटेशन पाठवलं की मी भाव शेवटी पाहतो. आधी विचारतो, कागद कुणाच्या नावावर, बंदरातलं भाडं कुणाच्या अंगावर आणि माल धुळ्यात कोणत्या तारखेला. बहुतेक फोन तिसऱ्या प्रश्नाला बंद होतात.