आधी सावली, मग झाडे

घराला लागून थोडी मोकळी जागा असलेले परिचित मला नेहमी एकच प्रश्न विचारतात : उन्हाळ्यात बसावेसे वाटेल अशी बाग करायची असेल, तर कोणती झाडे लावावीत? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. झाडांची नावे मात्र शेवटी सांगेन, कारण अशा बागेची आखणी झाडांपासून सुरू होत नाही. तुम्ही दिवसाच्या कोणत्या वेळी आणि नेमके कुठे बसणार, हे आधी ठरवावे लागते.

माझी पहिली बाग मी हिवाळ्यात आखली. दुपारी एका भिंतीची ऐसपैस सावली ज्या कोपऱ्यात पडत असे, तिथे मी दगडी बाक बसवला. उन्हाळा आला तेव्हा त्याच वेळी त्या बाकाला हात लावणेही अवघड झाले. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो म्हणून सावल्या लांब पडतात, उन्हाळ्यात तो उंचावरून जातो आणि त्याच भिंतीची सावली आखडते, ही साधी गोष्ट मी लक्षात घेतली नव्हती. आता मी उन्हाळ्यातलाच एक दिवस त्यासाठी राखून ठेवते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी सावलीची कड चुन्याने जमिनीवर आखते. त्या रेघा पाहिल्यावर बसायची जागा कोणती, हे फारसे विचारावे लागत नाही.

खरा त्रास पश्चिमेच्या उन्हाचा असतो. सकाळचे तिरपे ऊन तेवढेच प्रखर असले तरी तोवर हवा तापलेली नसते. दुपारी मात्र सूर्य माथ्यावरून ढळल्यानंतरही जमीन हवेला उष्णता देतच राहते, त्यामुळे सर्वांत जास्त तापमान साधारण तीनच्या सुमारास, म्हणजे ऊन पश्चिमेकडून तिरपे येऊ लागल्यावर, होते. डोक्यावरचा मांडव हे ऊन अडवू शकत नाही, ते त्याच्या खालून थेट अंगावर येते. म्हणून मांडव हवाच असेल तर अवश्य घालावा, पण त्याआधी बसण्याच्या जागेच्या पश्चिमेला उभा हिरवा पडदा करावा : जाळीवर चढवलेला वेल किंवा उंच झुडपांची रांग. तिथे पक्की भिंत बांधण्याचा मोह टाळावा, कारण भिंत वारा अडवते आणि दिवसभर साठवलेली उष्णता संध्याकाळी, नेमकी आपण बाहेर येतो तेव्हा, परत देते. पानांचे तसे नसते. पानांतून पाण्याची वाफ होत असते आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती पानांमधून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. कापडी छताखालच्या आणि झाडाखालच्या सावलीत जो फरक आपल्याला अंगावर जाणवतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. अर्थात मुळांशी ओल असेल तोवरच हे चालते. पाणी कमी पडले की झाड पानांवरची छिद्रे मिटून घेते.

म्हणून ओल टिकवणे हा मला आखणीचाच भाग वाटतो. वाफ्यांवर पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. रोज शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड पहाटे आळे भरून पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नये. मातीत बोट घालून पाहावे, आत ओल असेल तर संध्याकाळी पाने आपोआप ताठ होतात. कुंड्यांना मात्र रोज पाणी लागते, आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात ठेवूच नयेत, त्यांत मुळे अक्षरशः भाजतात.

फरशी खुर्च्यांपुरतीच ठेवावी. दगड आणि काँक्रीट रात्रीपर्यंत गरम राहतात, आणि पांढरीशुभ्र फरशी तापली नाही तरी डोळे दिपवते.

आता झाडे. उन्हाळ्यातल्या बागेचा खरा वेळ तिन्हीसांजेनंतरचा, त्यामुळे अंधारात दिसतील आणि दरवळतील अशी पांढरी फुले मी सर्वांत आधी निवडते : मोगरा बसण्याच्या जागेला अगदी लागून, निशिगंध त्याच्या मागे, आणि पश्चिमेच्या जाळीवर मधुमालती, जिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात आणि पुढे गुलाबी, मग लाल होत जातात. अशी फुले रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी असतात. दिवा मंद ठेवलात तर ते पतंगही दिसतील. रातराणी मला आवडते, तरी ती खिडकीपासून दूरच लावावी, कारण बंद खोलीत तिचा वास अनेकांना सोसत नाही.

यंदाचा उन्हाळा सुरू झालेला असेल, तर रोपे लगेच आणू नका. कोवळ्या मुळांना ते ऊन झेपत नाही. आत्ता सावल्या आखून त्यांचा नकाशा वहीत उतरवून ठेवा आणि ऊन उतरल्यावर लागवड करा. पहिल्या वर्षी वेल जाळी भरून काढणार नाही, तेवढा एक उन्हाळा तिथे जाडसर कापड बांधावे लागेल.