तीन महिन्यांत दुसऱ्यांदा गेलेले बेअरिंग

आमची पिकअप २००६ सालची आहे आणि तिच्या मीटरवर ३ लाख ८० हजार किलोमीटर पडले आहेत. ओतूरहून नारायणगावच्या बाजारात भाजीपाल्याचे क्रेट पोहोचवणे आणि हंगामात आठवड्यातून दोनदा माळशेज घाट उतरून कल्याण गाठणे, हे तिचे नेहमीचे काम. दिवाळीच्या सुमारास मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते, आणि माघ सरण्याआधीच तीच घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली. चांगले बसवलेले बेअरिंग वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे या वेळी नवे टाकण्याआधी जुने का गेले हे शोधायचेच, असे मी आणि धाकट्या भावाने ठरवले.

आवाज ताशी ४० किलोमीटरच्या पुढे सुरू होई. चालत्या गाडीत क्लच दाबून पाहिला तरी तो तसाच राही, म्हणून गिअरबॉक्सवरचा संशय कमी झाला. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना त्याचा सूर बदलत नव्हता, म्हणजे क्राउन-पिनियनची, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीचीही शक्यता कमी झाली. मात्र उजवीकडच्या वळणावर, म्हणजे भार डाव्या चाकावर येताच, तो स्पष्टपणे वाढत असे. शिवाय ब्रेक मारल्यावर गाडी किंचित उजवीकडे ओढू लागली होती, आणि भरल्या गाडीने घाट उतरताना याची मला खरी भीती वाटली. त्या दिवसापासून काम पुरे होईपर्यंत गाडीत माल भरला नाही.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून मागची बाजू जॅकने उचलली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगखाली, म्हणजे बाहेरच्या कवचाखाली, टेकू म्हणून दोन घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, एवढे मी आवर्जून सांगेन. चाक वरखाली धरून हलवले तेव्हा डावीकडे हाताला जाणवेल इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा होता, उजवीकडे जवळजवळ नव्हता. मग एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले, तर डाव्या पाट्यात खरखर उमटत होती. ब्रेकचा ड्रम काढल्यावर आतले दोन्ही ब्रेक लायनर गिअर ऑईलने भिजून काळे पडलेले दिसले. ब्रेकच्या ओढीचे कारण तिथेच मिळाले.

चाक फिरवणारा अ‍ॅक्सल शाफ्ट ओढून काढण्यासाठी भावाने जुनीच युक्ती वापरली. आतल्या चार नटा सोडवल्यावर ड्रम उलटा करून स्टडवर ढिला लावला आणि त्याचेच झटके दिले. चौथ्या झटक्याला शाफ्ट बाहेर आला. बेअरिंगमधले ग्रीस जवळपास धुऊन गेले होते आणि त्याच्या जागी पातळ, करड्या रंगाचे ऑईल होते. ऑईल अडवणारे आतले सील नवेच होते, त्याची कड फाटलेली नव्हती, तरीही ऑईल त्याला ओलांडून आले होते.

नवे सील गळत असेल तर हाउसिंगच्या आत दाब साठत असला पाहिजे, हे आमच्या लेथवाल्या काकांनी सुचवले. ‘‘दादा, आधी ब्रीदर बघा,’’ ते म्हणाले. अ‍ॅक्सल चालून तापला की आतली हवा फुगते, आणि ती बाहेर पडावी म्हणून हाउसिंगच्या माथ्यावर एक लहानशी टोपी असलेली नळी असते. मी वर्षभरापूर्वी, पावसाळ्याआधी, गाडीच्या तळाला गंजरोधक काळा लेप मारून घेतला होता. त्या लेपाखाली ती टोपी पूर्ण बुजली होती. कोंडलेल्या हवेला वाट सापडली ती सीलच्या कडेची, आणि तिच्याबरोबर आलेल्या ऑईलने बेअरिंगचे ग्रीसही धुतले आणि लायनरही नासवले.

दुसरे कारण शाफ्टवरच सापडले. बेअरिंगची बैठक मायक्रोमीटरने मोजली तेव्हा ४० मिलीमीटरला ती मिलीमीटरच्या चार शतांशाने कमी भरली, आणि तिथे निळसर, घासलेला पट्टा होता. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसण्याऐवजी सरकत फिरत होते. काकांकडे वेल्डिंगने भर घालून पुन्हा खराद मारण्याची सोय होती आणि ते स्वस्तातही पडले असते, पण मी नकार दिला. आमच्या गाडीचा अ‍ॅक्सल सेमी फ्लोटिंग आहे. त्यात शाफ्ट केवळ चाक फिरवत नाही, तर गाडीचा भारही पेलतो आणि चाकाला जागेवर धरून ठेवतो. टणक केलेल्या पोलादावर वेल्डिंगची आंच लागून तो ठिसूळ झाला आणि घाटात तुटला, तर चाकच गाडीपासून सुटेल. काकांनाही ते पटले, आणि आम्ही त्या बाजूचा शाफ्ट नवीन आणला.

बसवताना क्रम चुकला तर सारे पुन्हा कापावे लागते: आधी शाफ्टवर बाहेरची पट्टी, मग बेअरिंग, शेवटी त्याला जागेवर धरणारी नवी कॉलर. जुनी कॉलर परत वापरायची नसते. तिन्ही भाग हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसवले. दिवाळीत हे काम हातोड्याने झाले होते, आणि बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे कडीवर, त्याचे वण मला दिसले होते. हाउसिंगमधले ऑईल काढले तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ करडी पेस्ट होती, कपच्या नव्हत्या, त्यामुळे डिफरन्शियल उघडले नाही. दोन्ही बाजूंची सील आणि ब्रेक समान लागावा म्हणून दोन्ही चाकांचे लायनर बदलले. फिलर प्लगच्या भोकापर्यंत ईपी ९० दर्जाचे गिअर ऑईल भरले, त्याहून अधिक नाही. ब्रीदरची टोपी साफ करून तिला रबरी नळी जोडली आणि तिचे टोक चासीच्या वरच्या अंगाला बांधले, म्हणजे चिखल आणि पाणी तिथवर पोहोचणार नाही.

पहिले ५० किलोमीटर रिकामी गाडी चालवली आणि थांबून दोन्ही ड्रमना हाताची पाठ लावून पाहिली. ऊब दोन्हीकडे सारखी होती. अ‍ॅक्सल पाट्यांना बांधणारे यू बोल्ट पुन्हा आवळले. त्यानंतर ६० क्रेट भरून माळशेज उतरलो, ब्रेक सरळ लागला. महिन्याने डावे चाक मुद्दाम उघडले, तेव्हा लायनर कोरडे होते आणि ड्रममध्ये फक्त धूळ होती.