प्रवेशपत्राचा दुसरा परिच्छेद

विद्यापीठाकडून येणाऱ्या प्रवेशपत्राचा पहिला परिच्छेद अभिनंदनाचा असतो आणि पैशाचा विषय दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात निघतो. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी अमेरिकी विद्यापीठांकडे पहिल्यांदा अर्ज केले, तेव्हा दोन होकार आले आणि दोन्ही पत्रे मी पहिल्या परिच्छेदापाशीच थांबून वाचली. त्यांपैकी एक पत्र एका वर्षाच्या एम.ए.चे होते आणि त्यात शिक्षणशुल्काच्या चाळीस टक्के ‘शिष्यवृत्ती’ देऊ केली होती. दुसरे पीएच.डी.चे होते, त्यात पहिल्या वर्षी विभागाला कोणतेही अर्थसाहाय्य देता येणार नाही, पुढील वर्षांसाठी मात्र ‘विचार केला जाईल’, असे अतिशय सभ्य भाषेत कळवले होते. त्या सभ्यतेचा अर्थ लागायला मला आठवडा गेला. विभागाला मी चालणार होतो, पण माझ्यावर पैसे खर्च करण्याइतका नाही, एवढाच तो अर्थ होता.

प्रथम त्या चाळीस टक्क्यांविषयी. मानव्यविद्यांतील एम.ए.ला दिली जाणारी अशी शिष्यवृत्ती म्हणजे बहुतेक वेळा रोख रक्कम नसते, ती शुल्कातली सूट असते. वर्षाचे शुल्क ६०,००० डॉलर धरले, आणि मोठ्या खासगी विद्यापीठांत ते त्याहूनही अधिक असते, तर चाळीस टक्के सूट मिळूनही ३६,००० डॉलर भरायचे उरतात. राहणे, जेवण, आरोग्यविमा आणि पुस्तके यांचे २४,००० मिळवले की पुन्हा ६०,००० होतात. म्हणजे शिष्यवृत्तीचा आकडा वाचून जो आनंद झाला होता, तो राहण्या-जेवणाच्या खर्चाने नेमका तेवढ्याचा तेवढा गिळला. मी हा हिशेब वहीच्या एका पानावर मांडला होता आणि खाली बेरीज आल्यावर ती चुकली असावी म्हणून पुन्हा केली. ती बरोबर होती.

आता हे ६०,००० डॉलर कर्जाने उभे केले असे समजू. व्याजाचा दर ८ टक्के धरला, तर वर्षाला ४,८०० डॉलर व्याज होते. पदवी हातात येईपर्यंत देणे ६४,८०० झालेले असते आणि ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७८६ डॉलरचा हप्ता बसतो. परंतु एम.ए. करणाऱ्या बहुतेकांचा बेत पुढे पीएच.डी. करण्याचा असतो. शिकत असताना हप्ते पुढे ढकलता येतात, म्हणून हे कर्ज झोपले आहे अशी समजूत होते. प्रत्यक्षात फक्त हप्ता झोपलेला असतो आणि व्याज जागेच असते. एम.ए.चे एक आणि पीएच.डी.ची सात अशा आठ वर्षांचे नुसते सरळ व्याज ३८,४०० डॉलर होते. प्रबंध सादर होईल त्या दिवशी देणे ९८,४०० डॉलर असेल आणि दहा वर्षांचा हप्ता जवळजवळ १,२०० डॉलर. वर्षाला ३०,००० डॉलर विद्यावेतन मिळवणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याच्या हातात करापूर्वी महिन्याला २,५०० डॉलर येतात, हे या आकड्याशेजारी ठेवून पाहावे.

हा ८ टक्क्यांचा दर मी भीती घालण्यासाठी निवडलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अमेरिकी सरकारकडून मिळणाऱ्या थेट कर्जाचा दर २०२४-२५ साठी ८.०८ टक्के होता आणि २०२५-२६ साठी ७.९४ टक्के. शिक्षण चालू असेपर्यंतचे व्याज सरकारने भरण्याची सवलत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०१२ पासून बंद झाली. शिवाय २०२५ च्या कायद्याने ‘ग्रॅड प्लस’ हा, शुल्क आणि राहणे-जेवण यांच्या पूर्ण खर्चाएवढे कर्ज देणारा प्रकार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केला, आणि एम.ए. किंवा पीएच.डी.सारख्या अभ्यासक्रमांसाठी थेट कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर व एकूण १,००,००० डॉलर अशी ठरवली. त्यामुळे वरच्या उदाहरणातील ६०,००० पैकी ३९,५०० डॉलर खासगी सावकाराकडूनच घ्यावे लागतील. तेथे दर कर्जदाराची पत पाहून ठरतो आणि बहुधा एखादा सहकर्जदारही द्यावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना तर सरकारी कर्ज मिळतच नाही. त्यांचे सगळेच कर्ज या दुसऱ्या प्रकारचे असते. सहकर्जदार म्हणून सही करणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई, वडील किंवा मामा-काका असते आणि आपण हप्ता चुकवला की बँक त्यांच्याकडे जाते. ‘माझा निर्णय, माझी जोखीम’ हे वाक्य मी स्वतः बरेच दिवस म्हणत असे. त्या सहीने ते खोटे पडते.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद आहे: सार्वजनिक सेवेत दहा वर्षे काढली की उरलेले कर्ज माफ होते. ही योजना २००७ पासून खरोखरच अस्तित्वात आहे आणि १२० पात्र हप्ते भरल्यानंतर कर्ज माफ होते. सरकारी किंवा ना-नफा विद्यापीठातली नोकरी तिच्यात बसते. मात्र ती फक्त सरकारी थेट कर्जाला लागू होते, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या ३९,५०० ला ती शिवतही नाही. शिवाय तिला पूर्णवेळ नोकरी लागते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांसाठी जुलै २०२३ पासून एक बरा नियम आला आहे: शिकवलेल्या क्रेडिट-तासांना, म्हणजे साधारणपणे आठवड्याच्या वर्गतासांना, किमान ३.३५ ने गुणायचे आणि आठवड्याचे ३० तास भरले की पूर्णवेळ मानायचे. तीन क्रेडिटचे तीन वर्ग घेतले तर हा आकडा ३०.१५ येतो, म्हणजे काठावर उत्तीर्ण. एखाद्या सत्रात एक वर्ग रद्द झाला की ते महिने मोजणीतून गेले. ज्याच्यावर कर्ज आधीच आहे त्याने या योजनेचा पुरेपूर लाभ घ्यावा, पण नवे कर्ज काढण्याचे कारण म्हणून तिच्याकडे पाहणे मला पटत नाही. कर्ज आजच्या नियमांनी घेतले जाते आणि माफी दहा-पंधरा वर्षांनंतरच्या नियमांनी मिळायची असते.

पीएच.डी.च्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. शुल्कमाफी आणि विद्यावेतन यांशिवाय मानव्यविद्यांतील पीएच.डी. स्वीकारू नये. यात पैसा आहेच, पण केवळ पैसा नाही. विभाग ज्याच्यावर पाच वर्षांचे विद्यावेतन खर्च करतो, त्याच्यासाठी मार्गदर्शकाचा वेळ, प्रवासनिधी आणि पुढे शिफारसपत्रेही अधिक सहज निघतात. स्वखर्चाने आलेला विद्यार्थी त्याच वर्गात बसूनही पाहुण्यासारखा राहतो. ‘पुढील वर्षांसाठी विचार केला जाईल’ या वाक्यावर विश्वास ठेवून गेलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. एकाचा विचार झाला, एकाचा झाला नाही, आणि दोघांच्या गुणवत्तेत मला तरी फरक दिसला नव्हता.

मात्र ‘पूर्ण अर्थसाहाय्य’ हा शब्ददेखील उघडून पाहावा लागतो, आणि या ठिकाणी मी स्वतः दुसऱ्या फेरीत बराच शहाणा झालो होतो. हमी बहुतेक वेळा पाच वर्षांची असते, मानव्यविद्यांतील पीएच.डी. मात्र सात वर्षांच्या आसपास जाते. सहाव्या आणि सातव्या वर्षी लोक कशावर जगतात, हा प्रश्न पत्रात कोठेच नसतो आणि तो विभागातल्या सहाव्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाच विचारावा लागतो. विद्यावेतन नऊ महिन्यांचे आहे की बारा, हा दुसरा प्रश्न. वर्षाचे २७,००० डॉलर नऊ महिन्यांत मिळत असतील तर महिन्याला ३,००० दिसतात आणि माणूस त्या मापाने घर भाड्याने घेतो. जूनमध्ये खात्यावर काहीच जमा होत नाही तेव्हा खरा मासिक आकडा २,२५० होता हे कळते. विद्यार्थी व्हिसा असेल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते, अध्यापन-साहाय्यकाचे काम बहुधा तेवढे तास आधीच व्यापून टाकते, आणि उन्हाळ्यातही परवानगीशिवाय आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

शुल्कमाफीत ‘फी’ येत नाही, हाही असाच एक शोध. शिक्षणशुल्क माफ असते. विद्यार्थी-सेवा, तंत्रज्ञान, वाहतूक अशा नावांनी येणारी फी अनेक ठिकाणी भरावी लागते. विद्यावेतन करपात्र असते आणि फेलोशिपच्या, म्हणजे शिकवण्याचे काम नसलेल्या, वर्षात विद्यापीठ अनेकदा कर कापून घेत नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवण्याची शिस्त आपल्यालाच लावून घ्यावी लागते. मी पहिल्या वर्षी ती लावली नाही. एप्रिलमध्ये भरायची रक्कम पाहिली आणि त्या उन्हाळ्यात अभिलेखागाराला जाण्याचा बेत मुकाट्याने रद्द केला.

विद्यावेतनाचे आकडे शहराशिवाय वाचू नयेत. प्रिन्स्टनने २०२२-२३ पासून ते सरासरी ४०,००० डॉलरच्या आसपास नेले, हार्वर्डने २०२४-२५ पासून किमान ५०,००० केले. अनेक राज्य विद्यापीठांत मात्र ते वीस ते तीस हजारांमध्ये रेंगाळते. तरीही लहान गावातले २६,००० महागड्या शहरातल्या ३८,००० पेक्षा जास्त दिवस पुरू शकतात. माझी एक साधी कसोटी होती: एका खोलीचे भाडे विद्यावेतनाच्या किती टक्के आहे. चाळीसच्या पुढे गेले की त्या शहरात उसने घेतल्याशिवाय राहता येत नाही, मग ते उसने क्रेडिट कार्डाचे का असेना.

गेल्या काही वर्षांत या हिशेबात एक नवी अस्थिरता आली आहे. बोस्टन विद्यापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील सुमारे डझनभर पीएच.डी. कार्यक्रमांची पुढील वर्षाची भरती थांबवली. विद्यापीठात शिकवण्याचे व संशोधनाचे काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा अनेक महिने चाललेला संप मिटून विद्यावेतन वाढल्यानंतरची ही घटना. ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मानव्यविद्या विभागानेही २०२६-२७ साठी अनेक विषयांतील भरती थांबवली. पूर्ण साहाय्याच्या जागा अशा कमी झाल्या की नाकारल्या गेलेल्या अर्जदाराला सशुल्क एम.ए.चे आमंत्रण येण्याची शक्यता वाढते. पीएच.डी.चा अर्ज फेटाळताना त्याच पत्रात एम.ए.ची जागा देऊ करण्याची प्रथा जुनीच आहे. त्या आमंत्रणाला सांत्वन समजू नये, आणि अपमानही समजू नये. ती विक्री आहे.

तरीही ‘एम.ए.साठी एक डॉलरही कर्ज काढू नका’ असे सरसकट सांगणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. अभियांत्रिकीतून इतिहासाकडे वळणाऱ्याला, किंवा ज्याला संशोधनासाठी लॅटिन वा फारसी मुळापासून शिकायची आहे त्याला, एका वर्षाच्या शिस्तशीर अभ्यासाने खरोखर दार उघडते. परंतु त्याने आधी अशा राज्य विद्यापीठांकडे पाहावे, जेथे पीएच.डी. नसल्यामुळे किंवा लहान असल्यामुळे अध्यापन-साहाय्यकाची कामे एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मिळतात आणि शुल्कही माफ होते. अशा विभागांची नावे कोणी चहाच्या टेबलावर घेत नाही, एवढाच त्यांचा दोष. आणि कर्ज काढायचेच असेल तर त्याचा आकार असा असावा, की प्राध्यापकी मिळालीच नाही आणि शाळेत, ग्रंथालयात किंवा कार्यालयात नोकरी करावी लागली, तरी हप्ता जाईल.

पहिल्या वर्षी मी दोन्ही होकार नाकारले. पीएच.डी.च्या पत्राला नकार लिहिताना हात अडखळला होता, एम.ए.च्या कार्यालयाने मात्र नकार पोहोचल्यावर चारच दिवसांत सूट चाळीसवरून पन्नास टक्के केली. तेव्हा मला कळले की पहिला आकडा शेवटचा नव्हता. पुढच्या हंगामात एका राज्य विद्यापीठाकडून पाच वर्षांच्या विद्यावेतनासह होकार आला. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली आहे आणि त्यानुसार अर्थसाहाय्य असलेल्या प्रस्तावाचे उत्तर १५ एप्रिलपूर्वी देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. माझ्या पत्रात १ एप्रिल ही तारीख होती. मी ठरावाचा उल्लेख करून मुदत मागितली आणि त्याच पत्रात तीन प्रश्न विचारले: सहाव्या वर्षाचे काय, उन्हाळ्याचे काय, आणि फी किती. विभागाच्या पदव्युत्तर संचालकांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. फी वर्षाला सुमारे अकराशे डॉलर होती, उन्हाळ्याची हमी नव्हती, आणि सहाव्या वर्षी लेखनकेंद्रात बहुधा काम मिळते, असे त्यांनी लिहिले होते. ‘बहुधा’ हा शब्द त्यांनी अधोरेखित केला होता. मी १४ एप्रिलला सही केली.